आधी एक थेंब

लिंबू हे खाण्यासाठी जन्माला आलेलं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लिंबू, चिंच, आंबट ताक, कैरीचं पाणी ही सगळी त्यांच्या लेखी हत्यारं. जिथं तुमच्याआमच्या तोंडाला पाणी सुटतं तिथं त्यांच्या हातांना खाज सुटायची. पोह्यांच्या बशीतली लिंबाची फोड त्यांनी पोह्यांवर पिळलेली मी कधी पाहिली नाही. ती आधी मुठीत जायची आणि मग त्यांची नजर खोलीभर फिरायला लागायची. नळाची तोटी, तांब्याचा काठ, बादलीचा तळ, जिथं कुठं पाण्याचा पांढरा थर धरलेला दिसेल तिथं ती फोड घासलीच म्हणून समजा. घर आपलं की परक्याचं, हा प्रश्न त्यांना पडायचा नाही. तो मला पडायचा.

साडू हे नातंच मुळात अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. दोन बहिणींच्या नशिबी आलेली दोन माणसं एका पंगतीत शेजारी बसतात आणि जन्मभर एकमेकांच्या मापानं मोजली जातात. त्यातून मला लाज फार लवकर वाटते. बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर मोठ्यानं बोलायला लागला तरी मी खिडकीबाहेर बघतो, जणू तो माझाच कुणी लागतो. साडूभाऊंना मात्र लाज नावाची चीज देव द्यायचीच विसरला होता. त्यांच्या वाटणीचीही बहुधा माझ्याकडेच आली. मी परभणीला शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे ते मला मास्तर म्हणतात. चारचौघांत त्यांनी ‘मास्तर, इकडं या, एक गंमत दावतो’ म्हटलं की मी चपला शोधायला लागायचो.

सेलूला त्यांचं हीटर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड की नवा हीटर वर्षभरात पांढऱ्या पुटांनी लिंपून निघतो. ती कॉइल ते ॲसिड घातलेल्या पाण्याच्या टबात सोडत आणि टबाशी उकिडवे बसून कान लावत. टबात फस्स होऊन फेस यायचा, थर विरघळत जायचा, आणि आतून लखलखीत कॉइल निघायची. गिऱ्हाइकाला कॉइल पाहिजे असायची, यांना आवाज. ‘ऐकायलाव का? बोलायलंय!’ असं ते गिऱ्हाइकाला वाकवून ऐकवायचे. त्यांची विद्याच ती. बोअरच्या पाण्याचा थर, शहाबादी फरशी, अंड्याचं टरफल, शिंपला, भिंतीवरचा जुना चुना, हे सगळे एका जातीचे. आंबट लागलं की बोलतात. पानात लावायचा ओला चुना नुसता तापतो, बोलत नाही. तोच वाळून जुना झाला की त्याला वाचा फुटते. ‘माणसागत हाय,’ ते म्हणत, ‘उमर झाल्याबिगर त्वांड उघडत न्हाई.’ स्वतःचं तोंड त्यांनी लहानपणापासूनच उघडं ठेवलं होतं.

खिशात त्यांच्या एक बाटली असायची. डोळ्यांत थेंब घालायच्या औषधाची रिकामी बाटली, तिच्यात पातळ केलेलं ॲसिड, आणि कुणी चुकून डोळ्यांत घालू नये म्हणून तिला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांचा एकच मंत्र होता: आधी एक थेंब. वस्तू कुठलीही असो, ओळख पटल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. एका कोपऱ्यात थेंब टाकायचा, बोलते का बघायचं, मग काय ते. देवगाव फाट्यावर एकदा आम्ही चहाला थांबलो, तर हे टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेले. हॉटेलवाला धावत आला. ‘सायेब, काय सांडलं?’ ‘सांडलं न्हाई, बघायलोय.’ ‘काय?’ ‘फरशी खरी शहाबादी हाय का ते.’ हॉटेलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. चारठाण्याच्या जुन्या देवळाबाहेर भिंतीवर त्यांनी असाच थेंब सोडला तेव्हा तिथला राखणदार काठी घेऊन आला. त्या काठीकडे लक्ष न देता हे मला सांगत होते, ‘काळा दगड गप्प हाय मास्तर. त्याच्यावरला चुनाच तेवढा बोलला.’ मी राखणदाराची माफी मागत होतो, आणि हे त्यालाच जवळ बोलवून ऐकायला लावत होते.

माझ्या शाळेत ते एकदाच आले, आणि ते एकदाच पुरलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आमचे मुख्याध्यापकही बसलेले. साडूभाऊंनी टेबलावरचा खडू उचलला, बाटली काढली, थेंब टाकला. काहीच झालं नाही. दुसरा खडू घेतला. तोही गप्प. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मास्तर, तुमचा खडू बोलत न्हाई. ह्यो प्लास्टरचा हाय. जात चुन्याचीच, पर मुका हाय.’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘खडू मुकाच बरा, मास्तर बोलले म्हणजे झालं.’ सगळे हसले, मी हसल्यासारखं केलं, आणि उरलेल्या तासांना फळ्यावर काहीच न लिहिता तोंडी शिकवलं.

कहर झाला तो सोनपेठला, माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. नमस्कार झाले, पोहे आले, आणि मला मुठीत जाणारी फोड दिसली. मी पायानं पाय दाबला, तो शेजारच्या भलत्याच गृहस्थांचा निघाला. तोवर साडूभाऊंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं होतं आणि त्या तांब्याला आतून लिंबू चोळायला सुरुवात केली होती. ‘ताई,’ ते मुलीच्या आईला म्हणाले, ‘तुमच्याकडं बोअरचं पाणी दिसायलंय. लय जड हाय.’ मुलीची आई लाल झाली. मी जमिनीकडे बघत राहिलो आणि ती दुभंगायची वाट पाहिली. पण मुलीचे वडील उठले, आत गेले आणि बाहेर आले ते दोन बादल्या आणि एक पिंप घेऊन. सोयरीक जमली. आजही ती माणसं फोन करतात ते मला नाही, साडूभाऊंना.

जगाची अशी पर्वा न करणाऱ्या या माणसाला एकाच माणसाच्या शब्दाची भूक होती, आणि तो शब्द मिळत नव्हता. ते माणूस म्हणजे आमच्या सासूबाई. आमच्याकडच्या रीतीनं आम्ही दोघेही त्यांना मामी म्हणतो. सोनपेठजवळच्या गावात त्यांचं घर आहे. त्या मला ‘मास्तर’ म्हणत, क्वचित ‘जावईबापू’ही. साडूभाऊंना मात्र ‘ते दुकानदार’. त्याला कारण घडलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला या गृहस्थांनी गावातल्या पोरांना गंमत दाखवायला गोठ्यात अंडं आणून आंबट पाण्यात बुडवून ठेवलं होतं. त्याचं टरफल विरघळलं, लिबलिबीत अंडं तेवढं उरलं, आणि मामींच्या सोवळ्याओवळ्याचा कडेलोट झाला. त्यानंतर साडूभाऊंनी त्या घरातली एकूण एक कळशी घासून दिली, गिझर बसवून दिला, पण ‘बरं केलं जावईबापू’ एवढे शब्द काही मामींच्या तोंडून निघाले नाहीत. परतीच्या बसमध्ये ते मला विचारायचे, ‘मामी काय म्हणल्या का?’ मी ‘हो, चांगलं झालं म्हणाल्या’ असं म्हणायचो, आणि ते ओळखून हातातलं तिकीट दुमडत बसायचे.

त्यातून अलीकडे मामींना जगात स्वच्छ काही दिसेनासंच झालं होतं. कपबशी आणली की काळपट, भाकरी मळकी, दूध पिवळं, धुतलेलं धोतर न धुतलेलं. सून बिचारी राखेनं हात झिजवून घेत होती आणि मोरीत जाऊन रडत होती. वय झालं की माणूस किरकिरं होतं, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी तो विषय मिटवला होता.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तिथं जमलो होतो. मामी तुळजापूरच्या आईच्या आराधी. नवरात्रात कवड्यांची माळ गळ्यात घालून, परडी हातात घेऊन पाच घरी जोगवा मागतात. ती माळ त्यांना त्यांच्या सासूनं दिलेली. साडूभाऊ अंगणात बसून चिंचेच्या पाण्यानं देव उजळत होते, समई आणि ताम्हन घासत होते, आणि मामी दारात बसून मांडीवरच्या माळेवरून बोटं फिरवत होत्या. ‘माळ लय काळी पडलीय,’ त्या म्हणाल्या. ‘आईच्या नावानं गळ्यात घालावी वाटंना.’ हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. साडूभाऊंनी मात्र ते जसंच्या तसं मनावर कोरून घेतलं.

मी नारळ आणायला बाजारात गेलो आणि मामी माळ परडीत ठेवून न्हायला गेल्या. मी परत आलो तेव्हा साडूभाऊ मागच्या अंगणात टबाशी उकिडवे बसले होते. घरातल्या हीटरसाठी म्हणून सेलूहून आणलेलं ते ॲसिडचं पाणी. हातपाय धुऊन, नमस्कार करून त्यांनी माळ त्यात सोडली होती. टब फेसानं भरला होता आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता. ‘मास्तर, बघा, मळ कसा निघायलाय!’ मला काय कळतंय, मीही वाकून कौतुकानं पाहिलं. मग त्यांनी सवयीनं कान जवळ नेला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. ‘मास्तर,’ ते हळूच म्हणाले, ‘ह्यो मळ न्हाई. ह्या कवड्या बोलायल्यात.’

त्यांनी तसाच उघडा हात टबात घालून माळ बाहेर काढली. कवड्यांची सगळी झळाळी गेली होती. भाजलेल्या चुनखडीसारख्या त्या पांढऱ्याफटक आणि खरबरीत झाल्या होत्या, काहींचे दात पुसून गेले होते, आणि एक तर त्यांच्या बोटाखालीच फुटली. मी त्यांना ओढत हौदाशी नेलं आणि हातांवर पाणी ओतलं. त्यांचं हाताकडे लक्षच नव्हतं. ‘शिंपला बोलतोय, टरफल बोलतंय, हे मला म्हाईत न्हाई का मास्तर? मीच तर समद्याला दावत फिरतो. पर कवडीला मी कवच म्हणून कधी बघितलंच न्हाई हो. ती देवी हाय. देवीच्या अंगावर थेंब टाकून बघायचा का? म्हणून मी थेंब टाकलाच न्हाई.’

लपवता आलं असतं. पण त्यांनी माळ ताटात ठेवली आणि मामींपुढे जाऊन उभे राहिले. ‘मामी, माझ्या हातानं माळ खराब झाली.’ एवढंच. ती काळी होती म्हणून, तुम्ही म्हणालात म्हणून, असं एक अक्षर नाही. मामींनी माळ हातात घेऊन बराच वेळ चाचपली. मग म्हणाल्या, ‘ठेवा परडीत.’ शिव्या दिल्या असत्या तर त्या माणसाला काहीतरी घेऊन घरी जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी मामी माळेविना, रित्या गळ्यानं जोगव्याला निघाल्या. दारोदारच्या बायकांनी विचारलं, ‘माळ कुठंय?’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई घातली.’ साडूभाऊ ओट्यावर उभे राहून ते ऐकत होते. मग पिशवी घेऊन ते पाठमोरे बसथांब्याकडे चालायला लागले. त्यांना जेवायला थांबा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही.

त्यानंतर ते दसऱ्याला आले नाहीत, दिवाळीलाही नाहीत. मी सेलूला दुकानात गेलो तर ॲसिडचा टब मागे पडद्याआड गेलेला. आतून फस्स आवाज येत होता आणि हे बाहेर पाठ करून बसलेले. मीच म्हटलं, ‘शाळेत नवा खडू आलाय साडूभाऊ, बोलतो का बघून द्या की.’ त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. खिशात बाटली नव्हती. ‘राहू द्या मास्तर,’ ते म्हणाले, ‘कशाला कुणाच्या वस्तूला हात लावायचा.’ समोरून मागवलेल्या पोह्यांवर त्यांनी लिंबू पिळलं आणि ते मुकाट्यानं खाल्ले. वर्षानुवर्षं मी देवाकडे हेच मागत आलो होतो की या माणसाला चारचौघांसारखं वागायची बुद्धी दे. देवानं दिली, तर ती मला बघवेना. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘दाजी सुधारले म्हणायचे.’ तीही हसली नाही आणि मीही.

हिवाळ्यात मामींना मी परभणीला आणलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली. पट्टी निघाल्यावर बायकोनं दूध दिलं तर मामी पेल्यात बघतच राहिल्या. ‘दुधात काय घातलंव? इतकं पांढरं?’ भिंत पांढरी, माझा सदरा पांढरा, चंद्र तर नकोसा पांढरा. गावी सोडून आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. ‘मास्तर, या. सेलूला जायचंय.’ का, हे विचारायची सोय नव्हती.

बसमध्ये त्या पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा साडूभाऊ कॉइल पुसत होते. मामींना बघून ते उभे राहिले आणि मान खाली घातली. मामींनी पदर बाजूला केला. गळ्यात तीच माळ होती, पांढरीफटक, मधली एक कवडी गेलेली, आणि तिची पिठी काळ्या लुगड्यावर उतरलेली.

‘माळ काळी न्हवती,’ मामी म्हणाल्या. ‘माझ्या जावंची माळ हाय, ह्याच माळेबरुबरची. ती बी मला काळीच दिसत होती. आता बघितली तर दुधावानी हाय. तिला कुणी धुतली न्हाई का घासली न्हाई. पडदा माझ्या डोळ्यावर होता.’

‘तरी बी मामी,’ साडूभाऊ खालीच बघत म्हणाले, ‘थेंब टाकून बघायला पायजे होता मी.’

‘आन् मी काय बघितलं? सुनेला कपबशीपायी रडवलं, तुमाला उपाशी लावून दिलं. मला लय लाज वाटायलीय.’ त्या मानी बाईला जावयापुढे उभं राहून हे बोलणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं, आणि मी खिडकी शोधत होतो. दुकानाला खिडकी नव्हती. जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘ही माळ मी घालणार हाय. माझ्यामागं सून घालंल. आन् देव मी आता बघितले. समई तर सोन्यावानी निघालीय. लय बरं केलं, जावईबापू.’

साडूभाऊंनी वर पाहिलं नाही. हातातली स्वच्छ कॉइल ते परत पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

यंदाच्या नवरात्रात ते आले होते. मामी जोगव्याला निघाल्या तेव्हा परडी त्यांनीच उचलून हातात दिली. सगळं ठीक झालं असं लोक म्हणतात, आणि झालंही असेल. खिशात बाटली परत आली आहे, लाल चिकटपट्टीसकट. पण हॉटेलात ते आता टेबलाखाली जात नाहीत. कुणाच्या तांब्याकडे नजर गेलीच तर हात मांडीखाली घेऊन बसतात. परवा आमच्याकडे आले होते. हात धुवायला मोरीत गेले ते लवकर बाहेर येईनात. मी डोकावलो तर ते आमच्या नळाच्या पांढऱ्या तोटीपुढे बाटली हातात धरून उभे होते. माझी चाहूल लागताच दचकले आणि बाटली मुठीत झाकली.

‘मास्तर,’ त्यांनी हळूच विचारलं, ‘एक थेंब टाकू का?’

‘टाका की साडूभाऊ,’ मी म्हटलं, ‘विचारता काय?’